रिपोर्टात नसलेली मेंढरं

सोलापूर, १२ जानेवारी २०२५

ती. आप्पा,
सोनमचा शि. सा. न.

फोनवर तुम्ही ‘बरं हाय’ म्हणून मोकळे होता, म्हणून पत्र. धाकट्या बिरुदेवानं तुमच्या रक्ताच्या रिपोर्टाचा फोटो पाठवला. एक आकडा वाढलेला दिसला. मोबाइलवर शोधलं, तर एकीकडे साधा ताप, दुसरीकडे थेट कॅन्सर. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. शेवटी तुमच्या जावयांनी, शिवराजनी, मोबाइल काढून घेतला आणि ओळखीच्या लॅबमध्ये प्रियंकाताईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, या आकड्यावरून दुखणं आहे एवढंच कळतं. कोणतं, ते शोधायला डॉक्टर आधी माणसाला विचारतात आणि मग नेमकी तपासणी लावतात.

तर आप्पा, ताप येतो-जातो, घाम सुटतो, कंबर धरते. डॉक्टरांना तुम्ही काय काय सांगितलंत?

मेंढरांवर आहे तितका तरी लोभ माझ्यावर असू द्या.
सोनम

जेऊर, १७ जानेवारी

चि. सोनमला सिद्धनाथ आप्पाचे पोटभर आशीर्वाद.

डॉक्टरांनी धंदा विचारला, मी शेती सांगितली. खोटं न्हाय, दोन एकर हायच की. मेंढरांचं बोललो नाही. तुझं सासर शहरातलं. मेंढक्याची लेक म्हणून तुला कुणी नाव ठेवू नये, म्हणून परक्यात मी ते काढतच नाही.

दिवाळीनंतर मेंढ्या व्यायल्या. कोकरं हातानं ओढली, दोन गाभडल्या, त्यांची मेलेली पिलंही हातानंच काढली. शेळीचं धारोष्ण दूध रोजचंच. याचा तापाशी काय संबंध? तुझी आई म्हणाली लिहा, म्हणून लिहिलं. सोमवारच्या गाडीनं येतो.

लोभ किती ते तुला ठाऊक आहे.
आप्पा

सोलापूर, २८ जानेवारी

ती. आप्पा,
सा. न.

संबंध तिथंच होता. मेंढरांचं ऐकूनच डॉक्टरांनी ती वेगळी तपासणी लावली, तिचा रिपोर्ट आज आला. गाभडलेल्या जनावरांकडून, कच्च्या दुधातून येणारा ताप आहे, ब्रुसेलोसिस. कॅन्सर नाही, आप्पा. मी लॅबच्या पायरीवर बसून रडले. औषध दीड महिन्याचं आहे, बरं वाटलं तरी सोडायचं नाही. दूध उकळूनच प्या. आईला आणि बिरुदेवालाही दाखवायला आणा.

त्या दिवशी दवाखान्यात नाव नोंदवताना शिवराजनी मोठ्यानं सांगितलं, सासरे मेंढरं राखतात. तेव्हा तुम्ही चोरून माझ्याकडे पाहिलंत. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं, ते तुम्ही कळवलं नाहीत.

घोंगडं पिशवीत कोंबून आमच्या जिन्यात लपवलंत आणि तिथंच विसरलात. उन्हात टाकून मी ते घरात आणलं. आत्ता शिवराज तेच पांघरून झोपलेत.

औषध घेत राहा, लोभ आपोआप पोचेल.
मेंढक्याची लेक,
सोनम