जोडीच्या नाचातला बाईचा भाग

२४ जानेवारी २०२५

त्याची नवरी माझ्या अंगानं नाचणार!

प्रज्वलनं स्टेटस टाकलाय. ९ फेब्रुवारीला साखरपुडा, रिसोडला, मंगल कार्यालयात. आणि खाली — "आमच्या ऑनलाइन दुनियेतल्या मित्रांसाठी तिकडंही सोहळा. आम्हा दोघांचे अवतार नाचणार, कार्यालयात मोठ्या पडद्यावर दिसणार." सोबत नाचाचा तुकडा जोडलाय. बघताक्षणी ओळखला. वाशीमच्या त्या भाड्याच्या खोलीत पंखा बंद करून, घामाघूम होत मी नाचले होते. त्यानं मोबाईलवर घेतलं. मग दोघांनी बसून माझ्या हातापायांच्या हालचाली कॉम्प्युटरमधल्या बाहुलीवर चढवल्या. ठेक्यावर ठेका — गिरकी कुठं सुरू, मान कुठं वळणार, पाऊल कुठं टेकणार. पुरुषाचा भाग त्याचा, बाईचा भाग माझा. जगभरची माणसं असे नाच घेतात आणि आपापल्या अवताराला, म्हणजे त्या दुनियेतल्या आपल्या बाहुलीला, लावतात.

उजवा खांदा आधी हलतो, मग कंबर. हे माझं आहे. लहानपणापासूनचं. आता तो खांदा संस्कृती नावाच्या पोरीला लावणार. मेडशीच्या शेषरावांची पोरगी म्हणे.

त्याच्या घरच्यांना मी सून म्हणून चालत नाही. माझी गिरकी चालते!

२५ जानेवारी

जेवले नाही. मायला सांगितलं, डोकं दुखतं.

२७ जानेवारी

राहून राहून तो दिवस आठवतो. गेल्या जूनमधला. वाशीमचं स्टँड. "आबा ऐकूनच नाही राह्यले, दीपा. म्हणतात, पोरगी चांगली हाय, पण समाज..." प्रज्वलनं वाक्य पुरं केलं नाही. गरजही नव्हती. चौदा एप्रिलला आमच्या घरी जेवून गेला होता. मायच्या हातचं गोड मागून मागून खाल्लं होतं. तेव्हा नव्हता का समाज?

मी वळले आणि केनवडच्या गाडीकडं चालत गेले. मागून "दीपा, दीपा" चालू होतं. मागं पाहिलं नाही.

आणि आज भाकरी थापता थापता सुचलं!

बाईचा भाग अजून माझ्या खात्यात आहे. चढवताना आळसला होता तो — "तूच टाक वं तुया खात्यातून." म्हणजे मूळ फाईल मी बदलली की तो नाच ज्याच्या ज्याच्याकडं आहे तिथं बदलणार. नऊ तारखेच्या दुपारी बदलायची, दुसऱ्या दिवशी परत होती तशी.

नाचाच्या शेवटी ती गिरकी घेते आणि त्याच्या हातावर रेलते. तिथं रेलणार नाही. त्याला सोडून चालायला लागणार. थेट बाहेर! आणि त्याचा भाग? तो तसाच चालू. कमरेत वाकलेला, हात पसरलेला, हवेला कवटाळून हसत. मोठ्या पडद्यावर. त्याच्या बापासमोर, आबा पंजाबरावांसमोर, सगळ्या सोयऱ्यांसमोर.

लिहिताना मजा येतेय.

१ फेब्रुवारी

चालणं घेतलं. माय हरभरा सोंगायला गेली होती. अंगणात खुर्चीवर मोबाईल उभा केला. पहिल्यांदा नाटकातल्यासारखं झालं — पुसलं. दुसऱ्यांदा घाई. मग डोळे मिटून स्टँड आठवलं. डिझेलचा वास, कंडक्टरची आरोळी, पाठीमागचा तो आवाज. मग पाय आपोआप पडले.

मधेच माय आली, विळा हातात. "काय करून राह्यली वं?"

"काम."

"हे कोणतं काम? इकून तिकडं चालाचं?"

मी खुर्चीवरचा मोबाईल परत सरळ केला. ती उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "अशी काहून चालतं? कोणी मेल्यावानी."

आत गेली. चहा ठेवला.

३ फेब्रुवारी

जमत नाही! गिरकीतून चालण्यात जाताना पाय घसरतात, फरशीवर तेल सांडल्यासारखे. दिवसभर तेवढ्याच तुकड्यावर. शेवटी चूक सापडली — गिरकी संपते तेव्हा वजन उजव्या पायावर, आणि स्टँडवर मी पहिला उचलला तो उजवाच. अंगावरचा भार हलायला वेळच नाही. मधे एक ठेका रिकामा सोडला. त्या ठेक्यात ती नुसती उभी राहते. त्याच्याकडं बघते. भार डावीकडं जातो. मग वळते.

तो रिकामा ठेकाच सगळ्यात जहरी झालाय. कारण त्याच वेळी तो हसत असतो. ते हसू मीच हट्टानं घालायला लावलं होतं त्याला. बरं झालं!

५ फेब्रुवारी

त्याचा मेसेज. आठ महिन्यांनी. "दीपा, वाईट वाटून घेऊ नको. थो नाच मी मुद्दाम घेतला. तुयी काहीतरी आठवण राह्यली पाह्यजे त्या दिवशी."

आठवण! दुसरीचा हात धरताना माझी आठवण पाहिजे साहेबांना! वाजंत्री, जेवण, हार-तुरे, आणि कोपऱ्यात थोडी दीपा — लोणच्यासारखी!

थोडी दया येत होती मनात. कशाला खोटं लिहू, येत होती. आता नाही.

त्याला नुसता अंगठा पाठवला.

८ फेब्रुवारी

उद्या.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जेवण झाल्यावर फाईल बदलली. संध्याकाळी पाहुणी म्हणून तिकडच्या दुनियेत गेले, दुसऱ्याच रूपात, दुसऱ्याच नावानं. मांडव छान सजवलेला. कार्यालयातला माईक तिकडं जोडलेला होता, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं — भांडी, पोरं, कुणीतरी मामा "बसून घ्या, बसून घ्या" ओरडतोय. कोपऱ्यात स्टेजचा व्हिडिओ. दोघं सोफ्यावर. ती हिरव्या शालूत, मान खाली. सूत्रसंचालक म्हणाला, "आता वधूनंच बटन दाबावं!" टाळ्या. संस्कृतीनं मोबाईल हातात घेतला आणि दाबलं.

सुरुवात तीच. माझा खांदा, माझी कंबर. बघवत नव्हतं. मग गिरकी. मग तो रिकामा ठेका.

मग ती चालायला लागली!

फुलांच्या कमानीतून, पाहुण्यांमधून, बाहेर. आणि तो मागं वाकलेला, हात पसरून. हवेला झुलवत. हवेच्या कपाळावर कपाळ टेकवत! आधी कुणाला कळलंच नाही. मग एक बाई फिस्सकन हसली, मग अख्खं कार्यालय. आबांचा आवाज — "बंद करा ते! बंद करा म्हन्तो ना!"

आणि त्या गोंधळात, माईकजवळ, अगदी हळू, त्याचा आवाज आला. "दीपा..."

ओळखलं! चालण्यावरून ओळखलं.

हसून हसून पोट दुखलं. मग रडले. मग परत हसले.

१० फेब्रुवारी

जुनी फाईल परत ठेवली. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. माय बघत होती.

१२ फेब्रुवारी

रूपाचा फोन. कॉलेजातली माझी मैत्रीण, मेडशीला दिलेली. तिला या सगळ्यातलं काहीच माहीत नाही. गावातली बातमी म्हणून सांगत होती.

"पोरीनंच केलं म्हन्तात. मोबाईल तिच्याच हाती होता नं. तिचं कोणी दुसरं हाय, त्याले इशारा देला म्हन्तात. शेषराव घराबाहीर निघून नाही राह्यले. तिचा मोबाईल काढून घेतला."

"अन् नवरदेव?"

"थो काय म्हनन? आबायसमोर म्हने, मले काय माहीत, तिलेच इचारा."

फोन ठेवला तेव्हा कान तापले होते.

लोक त्याला हसतील असं मी धरून चालले होते. हसले तेवढ्यापुरते. निघून गेलेल्या बाईच्याच मागं लागले सगळे. हे मला कळायला पाहिजे होतं. मला तर कळायलाच पाहिजे होतं!

१३ फेब्रुवारी

मला काय तिचं? मी ओळखत नाही, पाळखत नाही.

पण त्यानं ओळखलं होतं. माझ्या कानानं ऐकलं. नाव तोंडात आलं, ते गिळलं, आणि पोरीला पुढं केलं. स्टँडवर आबांना पुढं केलं होतं, आता हिला. स्वतः कधीच कुठं उभा राहणार नाही हा माणूस.

आता तर सोडतच नाही.

१४ फेब्रुवारी

दादाला सगळं सांगितलं. "तुले डोकं हाय काय?" तो ओरडला. "त्यायच्या दारात जाऊन हे सांगशीन? आपल्यावर काय बेतन?" प्रसेनजितदादा बँकेत आहे, भांडणाला भितो. पण शेवटी त्यानंच गाडी काढली.

मेडशीला शेषरावांच्या अंगणात तूर वाळत घातलेली. दोन बाया फिरवत होत्या. शेषराव बाजेवर बसलेले. दाढी वाढलेली.

"मी धम्मदीपा. केनवडची. थो नाच माया होता काका. मीनं बदलला. तुमच्या पोरीनं काहीच केलं नाही."

ते बाजेवरून पुढं वाकले. "तिनंच पाठवलं तुले. काय देल्लं तिनं?"

"मी आज पह्यल्यांदा येऊन राह्यली इथं. प्रज्वलले इचारा. थे चालणं कोणाचं, त्याले मालूम हाय."

"त्याले काहून मालूम?"

दादानं मान खाली घातली. मी नाही घातली. "मी त्याच्यापासून तशीच चालत गेली होती म्हणून."

शेषराव म्हणाले, "चालून दाखव."

चालले. बाजेपासून फाटकापर्यंत. तूर फिरवणाऱ्या बाया थांबल्या. फाटकाशी जाऊन वळले तर म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलेलं. आणि दारात ती उभी. पडद्यावर दिसली त्याहून लहान. रडत नव्हती. माझ्या पायांकडं बघत होती.

शेषरावांनी आमच्यासमोरच फोन लावला. "पंजाबराव, तुमच्या पोराले एकदा इचारा, दीपा कोण. इचारून मंग मले फोन करा." पलीकडचं ऐकायला थांबलेच नाहीत. मग दाराकडं बघून म्हणाले, "पाणी दे वं यायले."

संस्कृतीनं तांब्या आणून दिला.

येताना दादा म्हणाला, "झालं समाधान?" झालं! त्याचं लग्न मोडल्यातच जमा, त्याची अब्रू गेली, त्याच्या घरात माझं नाव आता आबांच्या तोंडून निघेल. झालं की. फक्त त्या पोरीचा चेहरा समोरून हलत नाही. तिच्यावर मी काय आणलं!

१५ फेब्रुवारी

रूपाच्या मोबाईलवरून फोन. पण आवाज रूपाचा नव्हता.

"ताई, तुमी कायले कबूल केलं? मीनं त्या दिवशी दुपारीच बाहुल्यायच्या नाचाची तालीम घेतली होती. थे चालून जाणं, सबन पाह्यलं होतं."

मी विचारलं, "मंग बटन काहून दाबलं?"

"मले घरात नाही म्हणता येत नव्हतं," ती म्हणाली. "त्या बाहुलीले आलं."