बिस्किट आमच्या अंगणात

१० ऑगस्ट २०२०, क्रेगीबर्न, मेलबर्न
ऑनलाइन वर्ग परत सुरू. मी म्यूटवर. फेब्रुवारीत नाशिकहून आलो, मार्चमध्ये शाळा बंद. मिसला वाटतं माझा माइक बिघडलाय. वाटू दे. मी काही बोलले की सगळे आधी "सॉरी?" म्हणतात. मग परत बोलायला नकोच वाटतं. आई हॉस्पिटलात शिफ्टला, बाबा खोलीत मीटिंगमध्ये. कंटाळा.

१९ ऑगस्ट
आज धमाल! मागच्या अंगणात कोंबडी! लाल, गुबगुबीत. आईची मेथी टोचून खात होती. कुंपणापलीकडे एक मुलगी ओरडत होती, "बिस्किट! बिस्किट!" मला वाटलं, हिला भूक लागलीय. आतून पुडा आणून कुंपणावरून दिला. ती हसून हसून खाली बसली. कोंबडीचं नाव बिस्किट!! पुडा मात्र तिने परत दिला नाही.
नाव झैनब. माझ्याएवढीच, शाळा वेगळी. इराकहून आलेत.

२ सप्टें.
रोज दुपारी कुंपणाशी. मी खुर्चीवर, ती बादलीवर, दोघींना मास्क. झै.चं इंग्लिश माझ्याहून मोडकं, पण ती थांबतच नाही. शब्द नाही सापडला की हातवारे. "लोकांना नाही कळलं तर?" विचारलं. म्हणाली, "मग परत सांगते. त्यात काय?"
त्यात काय...

९ सप्टें.
वर्गात आवडती गोष्ट दाखवायची होती. झै.ने बिस्किटला कुंपणावरून दिलं. कॅमेरा ऑन, कोंबडी मांडीवर, म्यूट काढलं. पहिल्याच वाक्याला कुणीतरी "सॉरी?" परत सांगितलं, मोठ्याने. मग थांबलेच नाही. तेवढ्यात बिस्किट लॅपटॉपवर शिटली. अख्खा वर्ग लोळला, मिससुद्धा. मीपण.
लॅपटॉप बाबांचा. पुसलाय. अजून सांगितलं नाही.

१२ ऑक्टो.
शाळा उघडली! सगळे पडद्यावरच्यापेक्षा उंच. वर्गातल्या लियमने लांबूनच हाक मारली, "चिकन गर्ल!" राग नाही आला. लंचला त्याच्याच घोळक्यात बसले.
मिसने विचारलं, शुक्रवारी सगळ्या शाळेसमोर कोण बोलणार? एक हात वर गेला. बघते तर माझाच.
आई म्हणाली, "अगं, पण बोलणार काय?"
ते अजून ठरायचंय. झै.ला विचारलं तर म्हणे, आधी उभी तर राहा.