सॅक्सोफोनची जागा

४ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. कलाकाराचं कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे, आणि दुसरं कुणी लिहीत नाही. तंबाखू बंद. रोज पहाटे एक तास रियाज. अख्ख्या मंठ्यात सॅक्सोफोन वाजवणारा मी एकटा. रामनिवास शेठच्या ऑर्केस्ट्रात माझी जागा ठरलेली: पुढे, गाणाऱ्या शालूच्या उजव्या हाताला. बावीस वर्षं. तिथं दुसरं कुणी शोभणारच नाही.

५ नोव्हेंबर
रियाज झाला नाही. शेजारच्या दुर्गाबाईंच्या सुनेचा पेपर आहे. तंबाखू एकदाच.

९ नोव्हेंबर
शेठचा पुतण्या हर्ष संभाजीनगरहून शिकून आलाय. कीबोर्ड वाजवणार. मला म्हणाला, कचरूकाका, तुमचा एकेक सूर रेकॉर्ड करायचाय, बिलकुल सुटा सुटा. माझा अल्बम निघणार हे उघड आहे. तो तसं बोलला नाही. सरप्राइज असेल.

१० नोव्हेंबर
शेठच्या मंडपाच्या गोदामात चार तास रेकॉर्डिंग. प्रत्येक सूर तीनदा: हळू, मध्यम, जोरात. हर्ष म्हणाला, बस काका, चालतंय. मी म्हणालो, चालतंय असलं काम माझ्याकडून होत नसतं. खालचे पाच सूर परत दिले. सुराआधीचा श्वाससुद्धा घे म्हणालो, त्याशिवाय सॅक्सोफोन मेलेला वाटतो. पोरगं खूश झालं. अल्बममध्ये गाणी कोणती, ते विचारायचं राहिलं.

२२ नोव्हेंबर, टेंभुर्णी
आज मला मागे उभं केलं, ड्रमच्या बाजूला. शेठ म्हणाले, पुढं कीबोर्डला जागा लागून राह्यली. यात कमीपणा काही नाही. मंगलाष्टकांना मामा नवरीच्या मागेच उभा असतो, त्याच्यावाचून लग्न अडतं. एका गाण्यात मी फुंकायच्या आधीच सॅक्सोफोन वाजला. साउंडवाल्याचा घोटाळा असणार.

२३ नोव्हेंबर
घोटाळा नव्हता. हर्षच्या कीबोर्डात मी आहे. बटण दाबलं की मी वाजतो, श्वासासकट. चुकत नाही, दम लागत नाही. अल्बमचं विचारलं तर म्हणाला, कोणता अल्बम काका?
फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. बायकोला, नंदाबाईला, सांगितलं, पित्त झालंय.

२४ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. एवढ्या महागड्या मशीनला शेवटी माझीच गरज पडली. हे प्रमोशनच आहे.

१ डिसेंबर
माझा माईक काढला. शेठ म्हणतात, कोट घालून उभं राहा अन् बोटं हलवा, लोकायला बघायला सॅक्सोफोन लागतो. साफ नकार देणार आहे. घनसावंगीचं लग्न झाल्यावर.
घनसावंगी नंदाबाईचं माहेर, लग्न तिच्या भाचीचं. आमचे हे सगळ्यात पुढं उभे असतात, असं तिनं तिकडं सांगून ठेवलंय. तिनं मला स्टेजवर कधी ऐकलेलं नाही. घरी ऐकायचा तो रियाज, आणि तो होत नाही. पण तिच्यासमोर मी खरंच वाजवणार. माईक नसला तर नसला, छाती आहे.

७ डिसेंबर
शेठच्या पाया पडलो. एका दिवसापुरती पुढची जागा मागितली. मिळाली. माईक नाही मिळाला.

८ डिसेंबर, घनसावंगी
शालूच्या उजव्या हाताला उभा राहिलो. नंदाबाई पहिल्या रांगेत, तिच्या आईला, तुळजाबाईंना, धरून बसलेली. ठरवल्याप्रमाणे खरं फुंकलं. स्पीकरपुढे माझं मलाच ऐकू येईना. दुसऱ्या कडव्यात दम तुटला. सूर मात्र चालूच राहिला, एकदम साफ. मग नुसती बोटं हलवली. टाळ्या पडल्या.
खाली उतरलो तर नंदाबाईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, बावीस वर्षं तुमी असं वाजवून राह्यले अन् मला ठावच न्हाई. मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. तिचा चेहरा बघून म्हणालो, आज जरा जमलं.

९ डिसेंबर, सकाळी
सासूबाईंना पुन्हा ऐकायचं होतं. नंदाबाई म्हणाली, हितं अंगणात वाजवा, गर्दी न्हाई, गोंगाट न्हाई. तेच गाणं वाजवलं. डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दम न तोडता. एवढा जीव लावून मी आयुष्यात वाजवलं नव्हतं.
सासूबाई छान म्हणाल्या. मी सॅक्सोफोन पुसायला घेतला तेव्हा नंदाबाई जवळ येऊन बसली. म्हणाली, चांगलं झालं, पण कालच्यासारखं न्हाई वाजलं. दमले असाल तुमी.