माझ्याशिवाय सीझन

३ ऑगस्ट
प्रोफेशनल फुटबॉलर झाले. क्लबशी एका वर्षाचा करार. पोझिशन मिडफील्ड, म्हणजे टीमचा मेंदू. आईने विचारलं, टीव्हीवर कधी दिसशील? म्हटलं, पहिल्याच मॅचला, सगळ्यांना कळवून टाक.

१९ ऑगस्ट
पहिली मॅच. बेंचवर. हुकमाचा एक्का कुणी आधीच टाकतं का? कोच मॅडमना खेळ कळतो. आत्या आणि मावशी संध्याकाळभर टीव्हीसमोर ठाण मांडून होत्या म्हणे. कॅमेरा बेंचकडे वळतच नाही, त्याला मी काय करू?

२ सप्टेंबर
संकल्प: उद्यापासून पहाटे डाव्या पायाची प्रॅक्टिस. आमची कॅप्टन माझ्या जागेवर खेळते आणि डावा पाय नुसता उभं राहायला वापरते. तिला मागे टाकायला महिना पुरे.

३ सप्टेंबर
उठले नाही. झोप म्हणजेसुद्धा रिकव्हरीच.

१४ ऑक्टोबर
प्रॅक्टिसमध्ये मॅडमनी सगळ्यांसमोर झापलं. पास यायच्या आधी मागे कोण आहे बघत नाहीस, म्हणून बॉल घालवतेस, म्हणाल्या. ठीक आहे. आता इतकं बघेन की त्याच म्हणतील, पुरे बाई.

१६ ऑक्टोबर
मान लचकली. मी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे बघत होते, तेवढ्यात बॉल पोटरीला लागून गेला. फिजिओने हसू दाबत बर्फ धरला. कॅप्टन म्हणाली, अधूनमधून बॉलकडे बघितलं तरी चालतं. जळते माझ्यावर.

१२ जानेवारी
अजून एक मिनिटही मिळालेलं नाही. डोकं फिरायची वेळ आलीय. माळीकाका ओरडले, पोरी, इथे वॉर्म-अप करून करून गवताची पार वाट लावलीस, आत पळ की. म्हटलं, घेतंय कोण.

२ मार्च
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. शेवटच्या मॅचला दुसऱ्या हाफमध्ये तुला उतरवते, खेळ बघून करार वाढवायचा की नाही ते ठरवते, म्हणाल्या. आईला फोनवर सांगितलं, माझ्याशिवाय सीझन संपवायला मॅडम तयारच नाहीत.

१० मार्च, दुपार
पहिल्या हाफमध्ये लाइनलगत पळून पळून जर्सी घामाने चिंब. पदार्पण असं घामट करायचं? ड्रेसिंग रूममध्ये जाऊन ती हँगरवर वाळत घातली, टी-शर्टवर जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत. हाफटाइमला जर्सी घालायची, असं ठरवलं. हाफटाइमला मॅडम सूचना देत होत्या आणि मी मॅचनंतरच्या मुलाखतीची मनात तयारी करत होते. जर्सी राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या हाफमध्ये मॅडमनी हाक मारली. कॅप्टन बाहेर यायला निघाली. मी चेन उघडली. आत टी-शर्ट. मॅडमनी डोळे मिटले. मी ड्रेसिंग रूमकडे धूम ठोकली, तर दाराला कुलूप. चावी किट सांभाळणाऱ्या मावशींकडे आणि मावशी बेंचजवळ. चावी घेऊन, जर्सी घालून धापा टाकत परतले, तोवर मॅडमनी बेंचवरची नवी पोरगी उतरवली होती. ती छान खेळली. खोटं कशाला लिहू.

१० मार्च, संध्याकाळ
करार वाढवता येणार नाही, मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही मला खेळताना बघितलंच नाहीत. त्या म्हणाल्या, तेच तर ना.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आईला सांगायचं वाक्य तयार केलं होतं, की या क्लबला माझा खेळ पेलला नाही. फोन लागला आणि तोंडातून भलतंच निघालं. विचारलं, आई, घरी येऊ का?