दार नसलेली काचपेटी

ती. ताईस,

मनापासून नमस्कार. काच मी कापली. कडा मी घासल्या. कोपरे काटकोनाचा गुण्या लावून मीच तपासले (केसभरही फरक नाही). तळाला खडे, त्यावर कुटलेला कोळसा, मग जाळी, मग चाळलेली माती, सगळं याच दोन हातांनी. शिकायला कोणाकडे गेलो नाही, हे तुला माहीत आहे. तरी लिहून ठेवतो. तुझे गुडघे कसे आहेत? जिन्याचा कठडा मीच बसवलाय, बिनधास्त धरून चढत जा.

इकडे सगळं ठीक. म्हणजे पेटी ठीक आहे. तुझी भावजय रागावून तुझ्याकडे आल्यापासून माझ्याबद्दल बरंच बोलली असेल. माझी बाजूही ऐक.

भांडण झालं ते फिटोनियावरून. वीतभरही उंची नाही, मातीला लागून सरपटत पसरणारं झाड, हिरव्या पानांवर पांढऱ्या शिरांची जाळी. मूळचं उष्ण, दमट जंगलातलं, त्यामुळे नखरे फार. पाणी जरा उशिरा मिळालं की सगळी पानं माना टाकतात. बघणाऱ्याला वाटावं, गेलं. पाणी घाला, थोड्या वेळात पुन्हा ताठ, जणू काही घडलंच नाही. हिने ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं होतं. कामावरून आली की खांद्यावरची पर्स काढायच्या आधी तिकडे. "काय राणीसरकार, पडलात का परत? उठा, आले मी!" (मी तिथेच पेपर वाचत बसलेला असे. मला कधी 'आले मी' म्हटल्याचं आठवत नाही. अर्थात मी माना टाकत नव्हतो, हेही खरं.)

मला हा सगळा प्रकार बेशिस्तीचा वाटला. बंद काचेत पाण्याची वाफ होते, काचेवर जमते, पुन्हा खाली उतरते. कोणी हात लावायला नको. म्हणून पेटी. ती म्हणाली, "अहो, एखादं दार तरी ठेवा." मी म्हटलं, "दार ठेवलं की तू उघडणार." आणि झाकणही चारी बाजूंनी सिलिकॉन भरून कायमचं बंद केलं. उघडावं लागणं ही कारागिराची हार, असं माझं मत होतं. ('होतं' असं लिहिलंय. नीट वाच.)

काम चोख झालं, ताई. तेच नडलं. काचेवर असं धुकं धरलं की आत झाड आहे की नाही कळेना; आणि धुकं आतून, फडकं बाहेरून. ती रोज यायची, पाण्याचं भांडं हातात घेऊन पेटीसमोर नुसती उभी राहायची. एक दिवस भांडं ओट्यावर आपटून म्हणाली, "मलाही बसवा आत. हवा-पाणी आतल्या आत फिरेल, तुम्हाला बघायला नको." मी हसलो. विनोद चांगला होता. ती बॅग भरत होती, हे मला नंतर कळलं.

आता संध्याकाळी कुलूप उघडल्याचा आवाज येत नाही. पेपर घेऊन मी तिथेच बसतो, पण एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचतो.

तुझा,
भाऊ

ता. क. पेटी ठीक आहे, असं वर लिहिलंय ते खोड. पत्र पूर्ण करून उठलो आणि ती हातोडीने फोडली. (काच फुटली, सांधा नाही सुटला. हे मात्र तिला सांगू नकोस.) बरीच पानं आत कुजली होती. उरलेलं कुंडीत लावून खिडकीत ठेवलं, तर त्याने लगेच माना टाकल्या. पाणी घातलं. "राणीसरकार, उठा" असंही म्हणून पाहिलं. शेजारच्या बाईंनी ऐकलं. अजून उठलेलं नाही. पाणी किती घालायचं, ते तिलाच माहीत. तिला विचारून कळव. किंवा कळवू नकोस, तिलाच पाठव.

आणखी एक. फोडण्याआधी कोपऱ्यावरचे दंतवैद्य येऊन गेले होते. रुग्ण बसतात त्या खोलीत ठेवायला त्यांना पेटी झाडासकट हवी होती (त्यांना धुकंच आवडलं). माझ्या हातची एकही वस्तू आजवर कोणी विकत मागितलेली नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. मी म्हटलं, काच माझी आहे, झाड माझं नाही. अठरा हजार देत होते.