तीन चंद्रांच्या मुलखाची मोजणी

प्रिय मेहुणेबुवा, ऊर्फ खुळखुळा,

सप्रेम नमस्कार. (हे बिरुद तुला आवडत नाही हे ठाऊक आहे, पण तू सात महिन्यांचा असताना ते तुझ्या वडिलांनी दिलं आणि बदलण्याचा अधिकार जावयाला नाही.) तुझी पाठदुखी थांबली असेल, आणि भिंतीतून शेजाऱ्याचं घोरणं ऐकू येणारी ती खोली सोडून तू जरा बऱ्या जागी गेला असशील अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल हा शब्द तुझ्या ताईच्या सांगण्यावरून लिहिलाय. माझं म्हणशील तर माझ्या डाव्या कानात गेले सहा आठवडे एक घोडा धावतोय. तो घोडा तुझाच आहे, म्हणून हे पत्र.

झालं असं. तुझ्या वडिलांच्या (यापुढे अण्णा) गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे ताईनं तुला फोनवर कळवलंच आहे. डॉक्टरांनी तीन आठवडे जिना चढू नका म्हणून सांगितलं, त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून ते आमच्याकडे आले. आमच्याकडे तळमजल्यावर एकच खोली आहे आणि तिथं मी कवळ्या बनवतो. तेव्हा एका भिंतीला माझं टेबल, त्यावर प्लास्टरचे साचे, मेण, गुलाबी हिरड्या आणि घासायचं मशीन, आणि समोरच्या भिंतीला अण्णांची खाट, अशी व्यवस्था झाली. त्यांना सकाळी डोळे उघडल्याबरोबर सोळा जबडे दिसतात याबद्दल मी आधीच माफी मागून ठेवली होती. ते म्हणाले, मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली, याहून वाईट माणसं पाहिलीत.

पहिला आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. अण्णांचा पेपर दहा वाजता संपतो, आणि त्यात निविदासूचनाही आल्या. त्यानंतर त्यांनी काठीच्या आधारानं आमचं घर मोजलं. स्वयंपाकघर काटकोनात नाही, एका बाजूला दोन इंच कमी आहे, असं निघालं. (आम्ही तिथं एकोणीस वर्षं सुखानं जेवत होतो. आता मला त्या बाजूला बसलं की कुठंतरी घसरल्यासारखं होतं.) मग माझे साचे त्यांनी उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे दोन माणसांचे वरचे आणि खालचे जबडे एकमेकांत मिसळले, आणि ते निस्तरायला मला अख्खा दिवस लागला. तेव्हा तुझ्या ताईनं माझ्यावर दया येऊन त्यांना सांगितलं, अण्णा, खाटेखाली त्याची पेटी आहे, तिच्यावर धूळ बसलीय, तेवढी पुसा. तिनं कोणाची पेटी ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, आणि दोघांनाही माहीत होतं.

पेटीत वर होती ती रेकॉर्ड. तीच. पाच केसाळ हार्ड रॉकवाल्यांची, पाकिटावर डोंगर, डोंगरावर किल्ला, किल्ल्यावर अग्नी ओकणारा पंखवाला सर्प, खाली अंगात सदरा नसलेला तलवारबहाद्दर, आणि आभाळात तीन चंद्र. अण्णा ते चित्र कितीतरी वेळ बघत बसले. मी मान खाली घालून एका दाताला आकार देत होतो आणि मनात म्हणत होतो, आता ही खिडकीतून जाणार. पण त्यांनी पाकीट उघडलं, आणि आत, तुला आठवत असेल, त्या मुलखाचा नकाशा छापलेला आहे. तिथंच सगळं फिसकटलं. कारण त्या नकाशावर प्रमाण दिलेलं नाही. उत्तर दिशा दाखवलेली नाही. नदी डोंगराच्या एका बाजूनं चढते आणि दुसऱ्या बाजूनं उतरते. अण्णांचे कान लाल झाले.

"हा नकाशा कोणी मंजूर केला?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, हा गाण्यांचा नकाशा आहे, गाणी ऐकली तर कदाचित उलगडेल. खुळखुळ्या, माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत महागात पडलेलं वाक्य.

पेटीत खाली तुझा रेकॉर्ड प्लेअरही होता, तो जोडला. पहिलं गाणं सुरू होताना अर्धं मिनिट नुसता वारा वाहतो. मला वाटलं, बरं आहे की. मग गिटार आली. पत्र्याच्या छपरावरून कोणी लोखंडी कपाट ओढत नेलं तर जो आवाज होईल तो, पण सुरात. माझ्या हातातलं मशीन सटकलं आणि एका वकीलसाहेबांचा पुढचा दात अर्धा झाला. (ते आता 'साक्षीदार' म्हणताना शीळ घालतात. त्यांना वाटतं वय झालं. मी काही बोललेलो नाही.) अण्णा मात्र ताठ बसून ऐकत होते. मला त्यांच्या धैर्याचं कौतुक वाटलं, पण मग लक्षात आलं की कानातलं मशीन त्यांनी उशाशी काढून ठेवलंय. गाणं संपल्यावर ते म्हणाले की गेल्या दहा वर्षांत मशीन न लावता पूर्ण ऐकू आलेली ही पहिलीच गोष्ट. आणि म्हणाले, पुन्हा लाव, घोडा कुठून निघाला ते ऐकायचं राहिलं.

तेव्हापासून सकाळी दहा ते बारा आणि चार ते सहा मोजणी चालते. पाकिटावर छापलेले शब्द अण्णा माझ्या भिंगातून वाचतात. घोडेस्वार पहाटे लोहाराच्या गावातून निघतो, जादूगाराच्या मनोऱ्याला वळसा घालतो, दलदल ओलांडतो आणि समुद्राखाली झोपलेल्या राणीपाशी पोचतो. आता अंतर कसं काढायचं? तर ड्रमचा एक ठोका म्हणजे घोड्याचं एक पाऊल असं धरून अण्णांनी घड्याळ लावून एका मिनिटाचे ठोके मोजले, त्याला गाण्याच्या मिनिटांनी गुणलं, आणि उत्तर आलं की गावापासून मनोरा जेमतेम साडेआठशे मीटरवर आहे. अण्णा दोन दिवस उदास होते. एवढी तलवार वगैरे बांधून, बायकोचा निरोप घेऊन निघालेला माणूस कोपऱ्यावरून दूध आणावं तितकं चालून आला, हे त्यांना त्या माणसासाठी वाईट वाटत होतं.

यातून मार्ग काढला तो एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी. त्या कवळी बसवून घ्यायला आल्या होत्या, तोंड उघडं होतं, त्यात माझी बोटं होती, आणि समोर अण्णा साडेआठशे मीटरचं दुःख सांगत होते. बोटं काढल्याबरोबर बाई म्हणाल्या, अहो, सगळा प्रवास कोण गातं? सांगण्यासारखा तेवढाच गातात, मधले मैलोन् मैल सोडून देतात. अण्णांनी हे ऐकलं, चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले की हे खात्यात कोणी कधी सुचवलं नाही. पुढच्या मंगळवारी बाई पुन्हा आल्या. कवळी टोचते म्हणाल्या. कुठं टोचते ते सांगता येईना. आता दर मंगळवारी टोचते, चार ते सहा. मनोरा दलदलीच्या पश्चिमेला की पूर्वेला यावरून दोघांचं कडाक्याचं वाजतं, आणि मी मध्ये बसून कोणाच्या तरी दाढा घासतो. परवा बाई म्हणाल्या की मला हे गाणं आवडत नाही, फक्त दुसऱ्या बाजूचं तिसरं जरा मोठ्यानं लावा.

आता एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. मी समजत होतो की अण्णा नकाशापुरतंच ऐकतात. पण मागच्या आठवड्यात ते अकरा मिनिटांचं गाणं चालू होतं, नदी ओलांडायचं, आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, हा ड्रम वाजवणारा जमीन मोजायची साखळी धरायला चांगला होता, कुठंही ढिली सोडत नाही. मी विचारलं, आणि गिटारवाला? (मला वाटलं होतं, आता शिव्या.) त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, तो हद्द सोडून जातो. पण बघ, लांब जातो, कुंपणावरून जातो, दुसऱ्याच्या शेतातून जातो, आणि बरोबर त्याच खुणेच्या दगडावर परत येतो. मोजल्याशिवाय येतो. असं मला कधी जमलं नसतं. मग त्यांनी सुई उचलून ते पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मी एकोणीस वर्षं या घराण्याचा जावई आहे, त्यांना काही जमलं नसतं असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

अडचण आहे ती कोपऱ्याची. पाकिटाचा उजवीकडचा वरचा कोपरा फाटलाय. त्यात नकाशाचा तुकडा गेला आणि मागच्या बाजूचे शेवटच्या गाण्याचे शब्दही गेले. ते पाकीट कोणी फाडलं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि सहा आठवडे चिकटपट्टी घेऊन ते जोडत बसलेल्या माणसालाही माहीत आहे. बारा वर्षांपूर्वी नोकरीचा अर्ज कोरा ठेवून तू ही रेकॉर्ड लावून बसलास, ते खोलीत आले, पुढचं मी लिहीत नाही. तू दोन शर्ट घेऊन निघालास आणि पेटी आमच्याकडे आली. तेव्हापासून तुम्ही दोघं ताईमार्फत एकमेकांची तब्येत विचारता आणि तिचं टेलिफोन एक्स्चेंज झालंय. शेवटच्या गाण्यात तो माणूस इतका किंचाळतो की शब्द कळत नाहीत. अण्णांना 'दार' ऐकू येतं, बाईंना 'तारा', मला 'दात', पण ते माझ्या धंद्यामुळे असेल. नकाशा तिथं येऊन थांबलाय. कोणाला विचारायचं हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि जेवताना त्यावर कोणीही बोलत नाही.

असो. पत्र लांबलं. ताईनं आशीर्वाद सांगितलेत आणि थंडीत कान बांधत जा म्हणून सांगितलंय. कान शाबूत आहेत तोवर बांधून घे.

तुझा,
मेहुणा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. त्या शेवटच्या गाण्याचे शब्द तुला पाठ असणार. ते लिहून पाठव. मला नको, अण्णांच्या नावानं पाठव. त्यांनी मला विचारायला सांगितलेलं नाही. उलट, विचारू नकोस असं चार वेळा सांगितलंय.

ता. क. दोन. जिना चढायची परवानगी डॉक्टरांनी पाच आठवड्यांपूर्वीच दिली. अण्णा ती चिठ्ठी साच्याखाली ठेवून बसलेत आणि आम्ही ती सापडली नसल्यासारखं करतो. आणि हो, डाव्या कानातल्या घोड्याबद्दल मी जी तक्रार केली ती ताईसमोर काढू नकोस. काल तिनं मला त्या नदीच्या गाण्यावर दाढ घासताना मान हलवताना पकडलं.

ता. क. तीन. (वेगळ्या हस्ताक्षरात)

जावईबापू बाहेर गेले असताना हे पत्र टेबलावर उघडं सापडलं. वाचलं. दुरुस्त्या अशा: अंतर साडेआठशे नसून आठशे चाळीस मीटर. मनोरा पश्चिमेलाच आहे. पाकीट मी फाडलं ही नोंद बरोबर आहे, तिच्यात दुरुस्ती नाही.

शेवटच्या गाण्यात शब्द संपल्यावर दीड मिनिट नुसते ड्रम आहेत. ते मी ओळखले. तू सोळा वर्षांचा असताना जेवणाच्या टेबलावर दोन चमच्यांनी हेच वाजवायचास. मला वाटायचं तू मनाला येईल तसं बडवतोस. एकदा तुला ताटावरून उठवलं होतं. काल घड्याळ लावून मोजलं. माझ्या आठवणीप्रमाणे तू एकाही ठोक्याला चुकत नव्हतास.

पत्र मीच बंद करून टाकायला नेतो, चालायला सांगितलंच आहे. शब्द पाठवलेस तरी चालेल. स्वतः आलास तर जास्त बरं, ते दीड मिनिट मला एकट्याला नीट लागत नाही. टेबल भक्कम आहे. चमचे आणू नकोस, इथं आहेत.