लेबलावरची ठिपकी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण गोठ्यात बसून लिहितेय, खाली शेण आहे. तुमची तब्येत छान असणारच, तुम्ही स्वतःचं औषध घेत नाही. फोन उचलत नाही म्हणून दूधगाडीवाल्याच्या हाती पत्र देतेय. आमच्याकडे सगळे बरे आहेत, म्हणजे माणसं. ठिपकी मात्र कालपासून उठलेली नाही.

तिची कास सुजली तेव्हा आईनं तुमच्या बाटल्या काढल्या. (लेबलावर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, सगळ्यांचे सगळे रोग लिहिलेत. माणूस तेवढा सोडलात, उपकार झाले. शाळा सोडली तरी मला एवढं वाचता येतं. वाचलेलं खरं की खोटं, ते शाळेतही शिकवत नव्हते.) बाबा म्हणाले, डॉक्टरला बोलवू. आई म्हणाली, "घरचं औषध असताना डॉक्टर कशाला? माझ्या भावावर तुमचा विश्वासच नाही!" बाबा वैरण कापायला निघून गेले, नेहमीसारखे, आणि मी बाटली पाजली. मग दुसरी. सूज तशीच, वर जुलाब, आणि ठिपकीनं वैरण सोडली. आई म्हणाली, औषध लागू पडतंय, घाण बाहेर निघतेय.

तशात परवा सरकारी माणसं आली. औषध खात्याचे साहेब, एक शिपाई आणि एकदाचे जनावरांचे डॉक्टर. खोट्या लेबलांची औषधं कुणी विकतं का, म्हणून घरोघर विचारत होते. कुणी ताकास तूर लागू देत नव्हतं. आमच्या आईनं मात्र हौसेनं बाटली आणून दाखवली, कारण तिच्यावर आमच्या ठिपकीचा फोटो आहे ना! खाली 'उपचारानंतर' लिहिलंय तो. ('उपचारापूर्वी'ची हाडकुळी गाय कुणाची, देव जाणे.) साहेबांनी बाटली ठिपकीच्या तोंडाजवळ धरली. एकदा फोटो बघितला, एकदा गाय. म्हणाले, "फोटो उलटे चिकटवलेत की काय? ही याच औषधानं बरी झाली होती?" आई म्हणाली, "छे हो! फोटो काढला तेव्हा तिला काही झालंच नव्हतं." बाबा इतके हसले की उठून बाहेर गेले. (बाहेर जाऊन रडले. मी बघितलं.)

मग फळीवरच्या सगळ्या बाटल्या जप्त. शिपायानं एकेकीला लाखेचं सील ठोकलं. आईचं डोक्याचं तेलही गेलं, कारण ते तुमच्याच रिकाम्या बाटलीत होतं. बरंच झालं. तपासणीत निदान एका बाटलीत तरी काहीतरी सापडेल. आई अजून म्हणते, भावाला कुणीतरी फसवलं असेल. मी काय बोलणार? तिला एकुलता एक भाऊ, आम्हाला एकुलती एक गाय.

मामींना नमस्कार, धाकट्याला पापा.

तुमची भाची

ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं: बाटलीत नेमकं काय घालता? डॉक्टर म्हणतात, पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय पुढचं औषध द्यायला हात धजत नाही. तपासणीचा अहवाल यायला महिना लागेल, ठिपकी तेवढी थांबणार नाही. नुसतं पाणी असेल तर पाणी लिहा. आम्ही रागावणार नाही, उलट देव पावला म्हणू. गाडीवाला दारात थांबेल.

ता. क. २ भाऊ कुठे असतो माहीत नाही, असं आईनं साहेबांना सांगितलं. चारचौघांत मी तोंड उघडत नाही म्हणून तुम्ही मला मुकी म्हणता. परवा उघडलं. साहेब गाडीवाल्याच्या आधी पोचले तर उत्तर त्यांनाच सांगा. पण खरं सांगा.